इंजिन बदलू नका, दिवाळीआधी गाडी पळती करा

इंदूरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिसरं वर्ष संपवत आलेल्या मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "आमच्या टीमने स्वतः बांधलेली फॉर्म्युला गाडी (एकाच सीटची छोटी रेसिंग कार) जानेवारीत कोइम्बतूरच्या स्पर्धेला नेली होती. टेक इन्स्पेक्शनचे, म्हणजे शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीचे, बाकी टप्पे पार पडले, पण ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक होईनात, म्हणजे ब्रेक दाबल्यावर एकदम फिरायची थांबेनात. गाडी एकाही शर्यतीत न उतरता परत आली. आता कॅप्टन मी आहे. अर्धी टीम म्हणते, 390 चं सिंगल सिलिंडर इंजिन काढून 600 सीसीचं चार सिलिंडरवालं बसवू आणि पुढे-मागे विंग (हवेच्या जोराने गाडी खाली दाबणारे पंख) लावू. उरलेली म्हणते, आहे तेच नीट करू. हातात नऊ महिने आहेत. कोणाचं ऐकू?"

दुसऱ्या गटाचं ऐक. आणि पहिल्या गटाला नाराज न करता ते कसं पटवायचं, त्यासाठी लागणारे आकडे खाली देतो. मी पीथमपूरला गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करतो आणि विद्यार्थ्यांच्या गाड्या बरीच वर्षं जवळून बघत आलो आहे. मागे पडणाऱ्या टीम्स क्वचितच ताकद कमी पडली म्हणून मागे पडतात. त्यांची गाडी स्पर्धेच्या आठवडाभर आधी पहिल्यांदा सुरू झालेली असते, हे खरं कारण.

आधी गुण बघ. विद्यार्थ्यांच्या या स्पर्धांचा मूळ नमुना म्हणजे अमेरिकेत 1981 पासून चालू असलेली फॉर्म्युला एसएई. तिच्यात एकूण 1000 गुण असतात. डिझाइनला 150, कॉस्टला 100, बिझनेस प्रेझेंटेशनला 75. मग ॲक्सिलरेशन 100, स्किडपॅड (वर्तुळात फिरणं) 75, ऑटोक्रॉस (वळणांच्या ट्रॅकवरचा एक वेगवान लॅप) 125, एंड्युरन्स (लांब पल्ल्याची शर्यत) 275 आणि इंधनाच्या कार्यक्षमतेला 100. इतर स्पर्धांत हे आकडे थोडे इकडचे तिकडे होतात, ढाचा तोच राहतो. मोठ्या इंजिनाचा सरळ फायदा मिळतो तो ॲक्सिलरेशनमध्ये, म्हणजे 75 मीटरच्या सरळ धावेत. एंड्युरन्स आणि इंधन मिळून 375 गुण होतात, आणि तेच मोठं इंजिन तिथे जास्त पेट्रोल पितं, जास्त तापतं. शिवाय यातले जवळजवळ सगळे गुण गाडीने साधारण 22 किलोमीटर पूर्ण केले तरच मिळतात. तुमच्या गाडीने आजवर सलग किती किलोमीटर कापले आहेत, ते टीमच्या बैठकीत फळ्यावर लिही. तो आकडा बघूनच निम्मा वाद मिटेल.

आता 600 सीसीचं बघू. नियमाप्रमाणे पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एका रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे अरुंद गळ्यातून, जावी लागते. हवेचा वेग तिथे ध्वनीच्या वेगाला पोचला की मागून कितीही ओढा, सेकंदाला साधारण 70 ते 75 ग्रॅमच्या वर हवा जात नाही. चार सिलिंडरचं स्पोर्ट्स बाइकचं इंजिन वरच्या आरपीएमला याहून जास्त हवा मागतं, त्यामुळे कॅटलॉगमधली ताकद ट्रॅकवर मिळतच नाही. त्यातली शक्य तेवढी परत मिळवायला नवा इनटेक (हवेचा मार्ग), प्लेनम (हवेची पेटी), ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग आणि डायनोवरचे (ताकद मोजायच्या यंत्रावरचे) दिवस लागतात. तुमचं 390 चं इंजिन (नावात 390, प्रत्यक्षात 373 सीसी) साधारण 43 हॉर्सपॉवरचं आहे. त्याला रिस्ट्रिक्टर त्या मानाने फार कमी नडतो, ते हलकं आहे आणि त्याचे पार्ट इंदुरात मिळतात. टीममधल्या निदान एका-दोघांना ते उघडता-लावता येतं, हा सर्वांत मोठा फायदा. नवीन इंजिन म्हणजे नवीन माउंटिंग, नवीन एक्झॉस्ट, नवीन वायरिंग, नवीन रेडिएटर आणि मागच्या बाजूच्या चौकटीचं पूर्ण नवं डिझाइन. यातलं काहीही वाईट नाही. पण एकही शर्यत न पळालेल्या टीमने ते करू नये.

विंगबद्दल मी जरा मवाळ आहे, कारण ती चूक नाही, फक्त तिची वेळ आलेली नाही. या स्पर्धेत एंड्युरन्सचा सरासरी वेग ताशी 48 ते 57 किलोमीटर धरलेला असतो. ताशी 54 ला चांगल्या जोडीच्या विंगने साधारण 25 किलोचा दाब मिळेल. ड्रायव्हरसकट 300 किलोच्या गाडीला तो आठ-नऊ टक्क्यांनी जास्त पकड देतो. वरच्या टीम्सना तो फरक उपयोगी पडतो. तुमच्या ड्रायव्हरच्या एका लॅपपासून दुसऱ्या लॅपमध्येच याहून मोठा फरक असेल, तर विंगने काय मिळालं ते तुम्हाला मोजताही येणार नाही. एका ज्युनिअरला यंदा विंगचा अभ्यास आणि सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) करू दे, पुढच्या वर्षी ती गाडीवर चढेल.

ब्रेक. इथे मी थांबणार आहे, कारण तुमचं घोडं इथेच अडलं.

गाडी 230 किलो, ड्रायव्हर 70, एकूण 300 धर. गुरुत्वमध्य जमिनीपासून 300 मिलिमीटर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 1550. (नियमात तो किमान 1525 हवा.) वजन पुढे-मागे निम्मं-निम्मं. कोरड्या डांबरावर चांगल्या स्लिक (खाचा नसलेल्या) टायरने 1.4 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 1.4 पट, इतकी ब्रेकिंग मिळते असं मानू. त्या क्षणी मागून पुढे सरकणारं वजन म्हणजे 300 गुणिले 1.4 गुणिले 300, भागिले 1550. साधारण 81 किलो आलं. म्हणजे पुढच्या चाकांवर 231 किलो आणि मागच्यांवर फक्त 69. चारही चाकं एकदम लॉक व्हायची तर ब्रेकचा जोरही याच प्रमाणात, 77 ला 23 असा वाटला गेला पाहिजे.

बहुतेक नव्या टीम्स काय करतात? चारही चाकांना एकाच बाइकचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे), एकाच मापाच्या डिस्क, पुढच्या-मागच्या दोन्ही सर्किटला एकाच मापाचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा), आणि बाकीचं बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढे-मागे वाटणारा दांडा) सांभाळेल असं गृहीत. बॅलन्स बार बारीक फरक जुळवण्यासाठी असतो. 77-23 इतकं ओढायला गेलात तर तो टोकाला जाऊन तिरका अडकतो. मग मागची चाकं लगेच घासतात, पुढची फिरत राहतात. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक जोरात लागतोय, आणि इन्स्पेक्टर मान हलवतो. मूळ फरक हार्डवेअरमध्येच ठेवायचा: मागे लहान पिस्टनचा कॅलिपर, किंवा लहान डिस्क, किंवा मागच्या सर्किटला मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर. बॅलन्स बार मधोमध असताना 70-30 च्या आसपास यायला हवं, उरलेलं बारने जुळवायचं.

पायाचा जोरही काढून बघ. वरच्याच गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला लॉक करायला साधारण 365 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, टायरची त्रिज्या 230 मिलिमीटर धरली तर. डिस्कची परिणामी त्रिज्या 85 मिलिमीटर, पॅडचा घर्षणांक 0.4, कॅलिपरच्या प्रत्येक बाजूला 32 मिलिमीटरचा एक पिस्टन. लाइनमधला दाब साधारण 67 बार येतो. 5/8 इंचाचा मास्टर सिलिंडर आणि पेडल रेशो पाच असेल (म्हणजे पेडल पायाचा जोर पाचपट करत असेल), तर पुढच्या सर्किटसाठी पायाचा 27 किलो जोर लागतो, मागचा धरून 35 किलोपर्यंत. हे कोणालाही जमतं. पण पेडल रेशो तीन ठेवलात आणि पॅड नवेकोरे, न घासलेले असले, तर हाच आकडा 80-90 किलोवर जातो आणि ड्रायव्हर सीटमध्येच मागे सरकायला लागतो. जानेवारीत नेमकं काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही, पण या दोनपैकी एक असण्याची शक्यता मी फार धरतो. तिसरी शक्यता पेडल बॉक्सच्या लवचिकपणाची. नियम म्हणतो की पेडल आणि त्याचं माउंटिंग 2000 न्यूटन सहन करेल असं हवं. तुटत नाही पण लवतं, असं पेडल असेल तर ब्रेकचा जोर पत्रा वाकवण्यात जातो. एकाने पूर्ण ताकदीने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने बाजूला बसून पेडल बॉक्सकडे टक लावून बघावं. डोळ्यांना हलताना दिसलं की तिथे गसेट (मजबुतीची तिकोनी पट्टी) टाकायचा.

आणि पॅड बेडिंग. नवे पॅड, नव्या डिस्क लावून थेट टेस्टला जाऊ नका. वेग घ्या, अर्धा ब्रेक लावा, परत वेग घ्या, असं पॅड-डिस्क एकमेकांना बसेपर्यंत करा, मग थंड होऊ द्या. त्याला गाडी पळती असावी लागते, आणि इथे आपण परत मूळ मुद्द्यावर येतो.

नियमाप्रमाणे जुनीच चौकट घेऊन पुढच्या वर्षी उतरता येत नाही, त्यामुळे चेसिस नवीन बांधायचीच आहे. पण जुनी गाडी मोडू नका. ती या महिन्यात ब्रेक सुधारून पळवा. नव्या गाडीचं डिझाइन जुन्या गाडीच्या पोटातून येऊ द्या: कुठलं ब्रॅकेट तडकलं, रेडिएटर कुठे कमी पडला, चेन किती वेळा उतरली, ड्रायव्हरचा गुडघा कुठे आपटला. डिझाइनचे जज हेच विचारतात. सॉफ्टवेअरमधली रंगीत चित्रं सगळ्यांकडे असतात. "हे आम्ही मोजलं, म्हणून हे बदललं" हे वाक्य फार थोड्या टीम्सकडे असतं.

मोजायला महागडा डेटा लॉगर असलाच पाहिजे असं नाही. स्किडपॅडचंच बघ. आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर, रस्त्याची रुंदी 3 मीटर, म्हणजे गाडीचा मार्ग साधारण 9.1 मीटर त्रिज्येचा. एक फेरा 6 सेकंदांत झाला तर गाडीची बाजूची पकड साधारण 1 जी. साडेपाच सेकंदांत झाला तर 1.2, आणि 5 सेकंदांत झाला तर जवळजवळ दीड जी. नुसत्या स्टॉपवॉचवर टायरप्रेशर, चाकांचे कल (कॅम्बर, टो), गाडी वळणात कलू न देणारा अँटी-रोल बार यांचा परिणाम कळतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. वही कॉलेजात राहिली पाहिजे, पासआउट होणाऱ्या सीनिअरच्या बॅगेतून पुण्याला जाता कामा नये.

हे सगळं करायचं कुठे, हा इंदूरचा नेहमीचा प्रश्न. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सला, म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्रात, 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक टीमला तिथे जायचं असतं. तो ट्रॅक तुमच्या कामाचा नाही. तुमच्या स्पर्धेत सरळ भाग 60-80 मीटरच्या पुढे जात नाही, स्लॅलमचे कोन (नागमोडी जायला रांगेत ठेवलेले शंकू) 9 ते 15 मीटरवर असतात, हेअरपिनचा बाहेरचा व्यास 9 मीटरइतका लहान असू शकतो. कॉलेजचं रविवारी रिकामं असणारं पार्किंग, नीट डांबर असलेलं एखाद्या कारखान्याचं आवार, इतकं पुरतं. प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या, दोन अग्निशामक सिलिंडर ठेवा, हार्नेस आणि हेल्मेटशिवाय कोणी दहा मीटरसुद्धा गाडी हलवायची नाही, आणि "थांबा" म्हणायचा अधिकार एकाच माणसाकडे. बायपासवर किंवा सुपर कॉरिडॉरवर रात्री गाडी काढायची कल्पना टीममध्ये कोणीतरी मांडेलच. तिथे कॅप्टन म्हणून तू सरळ नाही म्हण. या गाडीला रस्त्याचे दिवे नाहीत, आरसे नाहीत, आणि तिची उंची ट्रकवाल्याला दिसेल इतकी नाही.

पीथमपूरचा खरा उपयोग दुसरा आहे. बाहा एसएईइंडिया ही विद्यार्थ्यांच्या ऑफ-रोड बग्ग्यांची स्पर्धा 2007 पासून पीथमपूरला भरत आली आहे. तुमच्याच शहरातल्या बाहा टीम्सना टेक इन्स्पेक्शनचा दांडगा अनुभव असतो. त्यातल्या दोघांना बोलवा, तुमचं रूलबुक त्यांच्या हातात द्या आणि तुमची गाडी तपासायला सांगा. स्वतःच्या टीमने केलेली तपासणी कामाची नसते, कारण जे वेल्डिंग आपण स्वतः केलं त्यातली भेग आपल्याला दिसत नाही. पाच सेकंदांत ड्रायव्हर बाहेर येतो का, स्टिअरिंगचं फ्री प्ले (चाकं न वळवता फिरणारा ढिलेपणा) सात अंशांच्या आत आहे का, रिस्ट्रिक्टर हाताने बंद केल्यावर इंजिन बंद पडतं का (नाही पडलं तर कुठून तरी हवा चोरून आत येते आहे), महत्त्वाचे बोल्ट 8.8 ग्रेडचे आहेत का आणि नटाच्या बाहेर किमान दोन आटे दिसतात का. सियागंजमधून बोल्ट आणताना डोक्यावरचा शिक्का बघूनच घ्या, आणि एक-दोन जास्तीचे घेऊन व्हाइसमध्ये वाकवून बघा. पाइपांचंही तसंच. मेन हूपला (ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या मुख्य कमानीला) किमान 25 बाय 2.5 मिलिमीटरचा पाइप लागतो. लोहामंडीत वजनावर मिळणारा पाइप भिंतीला कुठे जाड कुठे पातळ निघतो, आणि इन्स्पेक्टर जाडी मोजतोच. टेस्ट सर्टिफिकेट असलेला सीमलेस पाइप घ्या, पैसे तिथे वाचवू नका.

एंड्युरन्समध्ये गाड्या कशाने बंद पडतात, हे माहीत असलं की तयारी सोपी होते. अर्ध्यावर ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद असतं, पाणी फिरत नाही आणि ब्लॉकची उष्णता सगळीकडे पसरते. मग तापलेलं इंजिन सुरूच होत नाही. म्हणून सरावातही अकरा किलोमीटर, बंद, तीन मिनिटं, परत सुरू, अकरा किलोमीटर, हा पूर्ण क्रम करा. इंदूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तो एकदा जमला तर कोइम्बतूरच्या जानेवारीत नक्की जमेल. सिंगल सिलिंडरची थरथर ब्रॅकेट आणि एक्झॉस्टचे स्टे तोडते, त्यामुळे रेडिएटर रबरवर बसवा. वायरिंगचं प्रत्येक क्रिंप ओढून बघा, लूम दर वीतभर अंतरावर बांधा, बॅटरीची अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या धातूवर घ्या. टॉर्क केलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारा, म्हणजे ढिला झाला की लांबून दिसतो.

वेळापत्रक मी आपल्याकडच्या सणांवर बांधून देतो, कारण कॉलेजचं कॅलेंडर ऐनवेळी पुढे-मागे होतं, सणांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. जून संपता डिझाइन बंद, त्यानंतर कोणाचीही नवी कल्पना पुढच्या वर्षीच्या वहीत. पावसाळ्यात जिग (चौकट धरून ठेवणारा साचा) आणि चेसिस. सगळे सांधे आधी टॅक करा (वेल्डिंगचे तात्पुरते टाके घाला), मग एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा एक असं टिग वेल्डिंग करा, नाहीतर चौकट पिळवटते. अनंत चतुर्दशीला शहर झांक्या बघायला निघेल तोवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. नवरात्रात इंजिन सुरू. दिवाळीला मुलं घरी जायच्या आधी एक पूर्ण 22 किलोमीटर. त्यानंतर सेमिस्टरच्या परीक्षा येतात, आणि त्या महिन्यात गाडीचं नवीन काम निघालं तर गाडी आणि परीक्षा दोन्ही अर्धवट राहतात. डिसेंबरात फक्त चालवायचं आणि ढिलं झालेलं आवळायचं.

ड्रायव्हर निवडताना स्टॉपवॉचवर निवडा. कॅप्टन आहे म्हणून, किंवा वडिलांनी स्पॉन्सरशिप आणली म्हणून कोणाला सीट देऊ नका. दहा लॅपमधला सर्वांत वेगवान लॅप बघू नका. सर्वांत वेगवान आणि सर्वांत सावकाश यांच्यातलं अंतर बघा, आणि किती कोन पडले ते मोजा. प्रत्येक कोनाला दोन सेकंद वाढतात. टीममधल्या मुलींनाही बसवा. वजन कमी असणं हा या गाडीत साधासुधा फायदा नाही.

आणि 600 सीसीवाल्या गटाला काम दे. ते उत्साही आहेत, त्यांना नुसतं गप्प बसवलंस तर निम्मे सप्टेंबरपर्यंत टीम सोडतील. इनटेक आणि मॅपिंग पूर्ण त्यांच्याकडे सोपव: याच इंजिनातून रिस्ट्रिक्टर लावून किती काढता येतं, डायनोवर दाखवा. त्यातून जे शिकतील ते पुढे मोठ्या इंजिनालाही लागेल.

आता मला चार गोष्टी लिहून पाठव: पुढच्या आणि मागच्या मास्टर सिलिंडरचे बोअर, कॅलिपरच्या पिस्टनचे व्यास आणि संख्या, डिस्कचे व्यास, आणि पेडलच्या पिव्हटपासून पायापर्यंतचं व पुशरॉडपर्यंतचं अंतर. शक्य असेल तर ड्रायव्हर बसवून चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून घेतलेली वजनंही. मग मागे काय बदलायचं ते नेमकं सांगतो. तोवर नवीन कॅलिपर मागवू नका.